चालत्या यंत्राची पूजा

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखी. आमच्या सौभाग्यवतींचे, म्हणजे वसुंधरेचे, धाकटे बंधू देवराव सकाळीच चरोद्याहून मोटरसायकलवर भिलाईला आमच्या रिसालीतल्या घरी हजर. मालगाडीचा गार्ड. रेल्वेने त्या पदाला अलीकडे ‘ट्रेन मॅनेजर’ असं नाव दिलं. डबा तोच, झेंडी तीच. मी त्याला ‘या मॅनेजर’ म्हटलं की तो वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, ‘बोला संपादक.’ मी नागपूरच्या पेपरचा दुर्ग-भिलाईचा वार्ताहर, तेही बातमीमागे मानधनावर. दोघांचीही पदोन्नती घरगुती आहे.

जेवताना पीयूषने मोबाइल पुढे केला. चिरंजीव तीन वर्षांपासून रसमड्याच्या शुभलोह इस्पातमध्ये इन्स्ट्रुमेंट विभागात आहेत, ठेकेदाराच्या हजेरीवर. कंपनीचा वार्षिक अहवाल आला आहे. एम. डी. साहेब किती घेतात आणि पगाराच्या रांगेत मधोमध उभा असलेला कामगार किती घेतो, याचं प्रमाण कायद्याने छापावं लागतं. दोनशे चौदास एक.

“मामा, ये देखो. अन् ह्या वर्षी आमचा बोनस कापला.”

देवराव पुरी मोडत म्हणाला, “आमचा जी. एम. माह्यापेक्षा तिप्पट-चौपट घेत असंन. त्याचं मले काही नाई. पण गाडी उतरली त सस्पेंड कोण? मी. पगार वर चढते अन् दोष खाली उतरते, बापा. एकाच जिन्यावरून.”

वसुंधरेचा मुद्दा निराळा. पीयूषच्या लग्नाआधी वरची खोली बांधायची आहे आणि सळईचा भाव ऐकून मिस्त्री स्वतःच म्हणाला, वहिनी, थांबा. “आपला स्लॅब अडकला तो ह्याच कंपनीच्या सळईपायी. त्या साहेबाचा पगार आपल्याच छपरातून जाऊन राहिला,” ती म्हणाली. अर्थशास्त्रात मी कच्चा, पण ही व्याख्या टिपून ठेवण्यासारखी वाटली. यावर लिहीन.

१३ ऑगस्ट, बुधवार

लेख पाठवला. भाव चढला की त्याला बाजाराची इच्छा म्हणायचं, पगार चढला की गुणवत्तेची. मग बोनस कापला तो कोणाच्या इच्छेने, असा साधा सवाल केला. संपादकांचा फोन आला. “श्यामराव, लेख सुरेख. जरा संस्कृतप्रचुर.” मग खोकला. “शुभलोहची दिवाळीला पानभर जाहिरात असते. लेख ठेवतो, नाकारत नाही.”

ठेवलेला लेख आणि ठेवलेलं लोणचं यांत फरक एवढाच, की लोणचं मुरतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शुभलोहच्या एम. डी. टावरी साहेबांनी गाडी पाठवून चहाला बोलावलं. आश्चर्य म्हणजे माझा न छापलेला लेख त्यांच्या टेबलावर होता, दोन ठिकाणी पेन्सिलीच्या रेघांसह. छापून आलेलं माझं लेखन घरी वसुंधराही वाचत नाही. मी सुखावलो, हे इथे तरी कबूल करायला हरकत नाही.

माणूस रुबाबी, पण खोटा वाटला नाही. म्हणाले, “श्यामरावजी, बारह साल पहले कंपनी डूब रही थी. मैंने तनख्वाह छोड़ दी, बीवी के गहने रखे. तब किसी ने नहीं लिखा कि टावरी को कम मिल रहा है.” त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “सळई महँगी है तो मत लो. पर सब ले रहे हैं. भाव मैं तय नहीं करता, लेने वाले करते हैं. और मेरी तनख्वाह बोर्ड तय करता है.”

“बोर्डावर कोण कोण आहे?” मी विचारलं.

ते मनापासून हसले. “मेरे जीजाजी भी हैं, बैंक वाले भी हैं. पर सोचिए, हज़ार आदमी की जिम्मेदारी किसके सिर पर? पैसा काम का नहीं मिलता, जिम्मेदारी का मिलता है.”

यात तथ्य आहे. ओझं जास्त त्याला चारा जास्त, हे बैलही मान्य करील. कंपनीच्या पंचविशीची स्मरणिका निघते आहे, तिच्यासाठी ‘धर्म आणि नफा’ यावर लेख मागितला. निघताना दारापर्यंत आले. “आपका बेटा इन्स्ट्रुमेंट में है ना? अच्छा लड़का है. बस, थोड़ा बोलता ज़्यादा है.”

बापावर गेलाय, म्हटलं. दोघंही हसलो.

२ सप्टेंबर, मंगळवार

स्मरणिकेचा लेख दिला. ‘पगार म्हणजे जबाबदारीचे वजन’ हे वाक्य टावरी साहेबांना इतकं आवडलं, की ते चौकटीत घालणार आहेत. पण आजचं बोलावणं दुसऱ्याच कामाचं.

सतरा तारखेला विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी रसमड्यात एकही कारखाना चालत नाही. यंत्रं धुऊन पुसून माळा घालतात, बायकापोरं आत येऊन बुंदी खातात, आणि कामगार हातोड्यालाही हात लावत नाही. त्या दिवशी अवजाराला सुट्टी, माणसाला नंतर. यंदा भाव चढा आहे. एक दिवस बंद म्हणजे किती नुकसान, ते साहेबांनी सांगितलं. मला शून्यं मोजता आली नाहीत. त्यांचा स्वतःचा वार्षिक बोनस उत्पादनाच्या आकड्यावर असतो, असं अहवालात वाचल्याचं आठवलं. पण त्या क्षणी विचारणं असभ्य दिसलं असतं.

“हुकूम से नहीं मानेंगे. शास्त्र से मानेंगे. कहीं लिखा होगा ना, कि चलती मशीन की पूजा हो सकती है?”

“शोधावं लागेल.”

“खोज लीजिए. ना मिले तो भी खोज लीजिए.” मग फाइल मिटवत म्हणाले, “पीयूष का परमनंट वाला कागज़ दिवाली तक कर देते हैं.”

दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नसावा. मीच उगाच जोडतो आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

शोधलं. मिळालं नाही. मिळणार नव्हतंच, ज्या काळात शास्त्रं लिहिली गेली त्या काळात रोलिंग मिल नव्हती. तेव्हा आज अंगणातल्या खुर्चीत बसून, पायाशी वसुंधरेने निवडायला टाकलेली अंबाडी, अशा थाटात रचना केली:

चलतां यन्त्रजातानां विरामो नैव पूजनम् ।
कर्मणैवार्च्यते नित्यं विश्वकर्मा न संशयः ॥

चालत्या यंत्रांना थांबवणं ही काही पूजा नव्हे. विश्वकर्म्याची अर्चा नित्य कर्मानेच होते, यात संशय नाही. शेवटी तीन-चार अक्षरं उरली की ‘न संशयः’ घालायची आपल्याकडे फार जुनी सोय आहे. जिथे संशय सगळ्यांत जास्त तिथे ती हमखास सापडते.

वसुंधरेने भिंगातून पाहिलं. “जुना हाये का हा?”

“जुन्यासारखा आहे.”

“म्हणजे तांब्याच्या भांड्यासारखा. चिंचेनं घासला की समजंन.” आणि अंबाडी उचलून आत गेली. बाईला संस्कृत येत नाही हे माझ्या संसाराचं भाग्य.

१७ सप्टेंबर, बुधवार

पूजा पार पडली, मिल चालू असताना. गेटवर माझा श्लोक भगव्या कापडावर टांगलेला, खाली ‘प्राचीन वचन’ असं छापून. मी तसं लिहून दिलं नव्हतं. काढा असंही म्हटलं नाही. कामगार सकाळी थोडे घुटमळले. एकाने वाचलं, दुसऱ्याने हात जोडले, आणि सगळे आत गेले. शास्त्राची ताकद मी पुस्तकांत वाचली होती, आज पाहिली.

मंत्र सांगायलाही मीच. खर्चकपातीत यंदा पुरोहितांना बोलावलं नव्हतं. लाल तापलेली सळई सापासारखी समोरून सुटत होती आणि मी अक्षता टाकत होतो. घसा बसला. आरतीच्या मधोमध, भट्टीसाठी कोळशापासून गॅस बनवणाऱ्या गॅस प्लान्टकडून एक बारीक, लांबलेली शिटी सुरू झाली. लयीत नव्हती, पण घंटा आणि झांजांत खपून गेली. पीयूष हातातला कापूर टाकून तिकडे पळाला. काही वेळाने शिटी थांबली.

परत आला तो घामाघूम. “झालं का दुरुस्त?” मी विचारलं.

“दुरुस्त कायचं? सुपरवायजरनं अलार्मची तारच काढली. पूजा में डिस्टर्ब हो रहा था बोला.” मग माळा घातलेल्या पाइपांकडे पाहत राहिला. “बाबा, ह्या एकच दिवशी गॅसचे पाइप खोलायला भेटतात. डांबर काढतो, सील पाहतो, अलार्म बदलतो. बाकी साल भर प्लान्ट थांबतच नाई ना.”

“पुढच्या वर्षी खोल,” मी म्हणालो.

बुंदी छान होती. वसुंधरेसाठी पुडा आणला. तिने देवापुढे ठेवला, खाल्ला नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

पीयूषचं डोकं आठवडाभर दुखतं आहे. ड्यूटीवरून आला की भिंतीला धरून चपला काढतो आणि जेवण टाकून झोपतो. रविवारी सुट्टीला मात्र ठणठणीत, दोन वाट्या पाटवडी रस्सा चेपला. सोमवारी पुन्हा तेच. मी मोबाइलला दोष दिला. वसुंधरेने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. निदानं दोन, इलाज एकही नाही.

“तेथची हवा त नाई ना लागून राहिली त्याले?” तिने विचारलं.

“हवेचा काय संबंध? वास तरी येतो का कसला, विचार त्याला.”

तिने विचारलं. तो कूस बदलून म्हणाला, “वास नाई येत, आई. वास असता त बरं झालं असतं.”

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. आमच्यात दसऱ्याला अवजार पुजतात. मी माझं पेन आणि स्कूटर पुजली. शुभलोहमध्ये दसऱ्यालाही काही थांबलं नाही. माझा श्लोक आता रसमड्यातल्या आणखी दोन कारखान्यांनी मागून नेला आहे. सिविक सेंटरला चहा पिताना शेजारच्या बाकावरचा गृहस्थ तो मलाच ऐकवून म्हणाला, “पुराण का है, भाई साहब.” मी उच्चार सुधारून दिला.

दुपारी बातमी: पीयूषचा सोबती पराग गॅस प्लान्टवर बेशुद्ध पडला. कंपनीच्या माणसाने सांगितलं, नवरात्राच्या नऊ उपासांचा अशक्तपणा. मी तशी चार ओळींची बातमी पाठवली, ती तासाभरात पेपरच्या वेबसाइटवर झळकली. संध्याकाळी दवाखान्यात गेलो. परागच्या नाकाला नळी, आई पंचफुलाबाई खाली फरशीवर. मला ओळखून म्हणाल्या:

“तुमीच लिहिता ना पेपरात? उपासाचं?”

“कंपनीने सांगितलं ते...”

“माह्या पोरानं जल्मात उपास नाई धरला, भाऊ. अष्टमीले मटण खाऊन गेल्ता तो. आमाले इचारलं असतं त सांगतलं असतं.”

मटणाची दुरुस्ती छापता येते का, हे संपादकांना विचारण्याचं धैर्य झालं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पराग शुद्धीवर आला, पण माणसं ओळखायला वेळ लावतो. पीयूष त्याच्याकडूनच सरळ घरी आला आणि चपला न काढता माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

“बाबा, तुमी साहेबाला सांगा. एक दिवस बंद करा म्हणा. सील गेलं हाये, गॅस झिरपून राहिला, अलार्म मुके हायेत. मी तीनदा बोललो तर सुपरवायजर मले म्हणते, ‘तेरे बाप का श्लोक गेट पर टँगा है, पढ़ा नहीं क्या?’”

“दिवाळी आठवड्यावर आली. तुझा परमनंटचा कागद...”

“कागद का क्या करूँ मैं? तिथे हवा हाये का नाई तेच समजत नाई.”

“चारचौघांत उठून तो श्लोक खोटा होता म्हटलं तर माझं काय राहील?”

“तुमचं?” तो तसाच दाराकडे वळला. “ठीक आहे. सोडा.”

या पोराने माझ्याशी शुद्ध मराठीत बोललेलं हे वर्षातलं पहिलं वाक्य असावं.

देवरावला फोन केला. तो म्हणाला, “भाऊजी, मी रोज रसमड्यावरून जातो. तुमची चिमणी दिवसरात धूर ओकून राहिली. इंजिनाले बी लोको शेडमध्ये नेतात बापा, त्याच्या आरत्या नाई करत बसत. जा, सांगा त्याले.”

१३ ऑक्टोबर, सोमवार

गेलो. गेटवरचं कापड काढून तिथे पितळेची पाटी बसवली आहे. माझा श्लोक कोरलेला, विसर्ग जागेवर. क्षणभर, देवाशपथ, अभिमान वाटला.

टावरी साहेबांना सांगून टाकलं. श्लोक प्राचीन नाही. मी रचला, चार सप्टेंबरला, अंगणात. त्याला कसलाही आधार नाही. तेव्हा कृपा करून एक दिवस प्लान्ट थांबवा.

त्यांनी चष्मा पुसला. “मुझे पता था, श्यामरावजी. पहले दिन से. असली चाहिए होता तो पंडित को बुलाता. पंडित खोजता, और कहता, नहीं मिला.”

मग प्लान्टचं काय, मी विचारलं.

“दिवाली के बाद देखते हैं. अभी भाव अच्छा है.” मग खणातून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. “ये लीजिए, जो आपको चाहिए था. पीयूष परमनंट. और तरक्की भी. बुधवार से गैस सेक्शन का इंचार्ज. वहाँ कुछ भी हो, जवाब वही देगा. उसी को सबसे ज़्यादा फिक्र है, तो जिम्मेदारी भी वही ले.” स्मरणिकेची प्रत वर ठेवली, चौकटीच्या पानावर उघडी. “आप ही ने लिखा है.”

पगार वाढला आहे. जबाबदारीच्या वजनाच्या मानाने थोडा, पण वाढला आहे. गाडीने घरी सोडलं.

वसुंधरेने पाकीट देवापुढे ठेवलं, बुंदीच्या पुड्याशेजारी. तो पुडा अजून तिथेच आहे. पीयूषने वाचलं, घडी केली. “म्हणजे आता अलार्मचं सांगायचं कोणाला? मलाच?” असं म्हणून हसला. मीही हसलो. मग लक्षात आलं की तो हसत नव्हता.

नको जाऊ म्हणायला हवं होतं का? पण ‘दिवाळीनंतर पाहू’ असं साहेबांनी तोंडाने म्हटलं आहे. आठवड्याचा प्रश्न.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळच्या पाळीला इंचार्ज म्हणून पीयूष गेला. आईने डब्यात शिरा दिला, कपाळाला कुंकू लावलं. फाटकातून वळून म्हणाला, “बाबा, आज मीच सील खोलायला सांगतो. आता माझीच जिम्मेदारी आहे ना. प्लान्ट बंद नाई करू देत त चालत्यातच पाहतो.” मी म्हटलं, शाबास. माणूस पदाने मोठा होतो तो असा.

जेवायला बसणार तोच देवरावचा फोन. गाडी राजनांदगावकडे चालली होती, मागे चाकांचा खडखडाट.

“भाऊजी, रसमडा गेला आत्ता. तुमच्या शुभलोहच्या चिमणीले धूर नाई.”

“काय म्हणतोस?”

“धूरच नाई बापा. पहिल्यांदा पाहिली अशी. गेटवर पांढऱ्या गाड्या हायेत, तीन-चार. माणसं बी लई जमा हायेत. पीयूष कुठं हाये?” पुढचं ऐकू आलं नाही. पुलावर आवाज तुटतो.

मला आधी विश्वासच बसेना. दसऱ्याला जे थांबलं नाही, विश्वकर्म्याला थांबलं नाही, ते आज एका साध्या बुधवारी, चढ्या भावात थांबलं. सोमवारचं माझं बोलणं त्यांच्या मनाला लागलं असणार. वरवर हसले, पण आत कुठे तरी लागलं. माणूस खोटा नाही, हे मी पहिल्या दिवशीच लिहून ठेवलं आहे. पांढऱ्या गाड्या म्हणजे तपासणीचे साहेब लोक. बंद प्लान्ट पाहायला येतच असतील. आता पाइप खोलतील, अलार्म बदलतील, पोराचं डोकं दुखायचं थांबेल.

वसुंधरेला ओरडून सांगितलं, “ऐकलंस का, साहेबांनी यंत्र थांबवलं.”

ती पीयूषला फोन लावत होती. वाजतो आहे, उचलत नाही. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा. कामात असेल, म्हटलं, आज पहिला दिवस आहे, इंचार्ज माणूस.

तिने गॅस बंद केला, भाताचं पातेलं तसंच ठेवलं, आणि आता पायात एक चप्पल घालून, दुसरी हातात धरून, फाटकापाशी ऑटोला हात करत उभी आहे. इथून खिडकीतून दिसते आहे. मला हाक मारते आहे. “अहो, लिहीत काय बसलात,” म्हणते आहे.

एवढी ओळ पुरी करून उठतो. साहेबांनी माझं ऐकलं. न संशयः